थोरलीला पुरेल इतका उजेड

मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म नाटकाच्या थिएटरात, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या कोंदट केबिनमध्ये, दिव्यांच्या खटक्यांपुढे गेला. कुणाच्या चेहऱ्यावर किती उजेड, कोणत्या भिंतीवर किती अंधार, हे त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. तिथे कुणीतरी त्यांना उजेडमास्तर म्हणायला लागलं, पुढे उजेड गळला आणि मास्तर राहिले. ओघाने त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले. तिला ते बिलकूल आवडत नसे.

घरात मात्र उजेड देऊन सांभाळायची जी एकच वस्तू होती, तिला हात लावायची मास्तरांना बंदी होती. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात मास्तरीणबाईंची पोवळी होती. दगडासारखी दिसणारी पण जिवंत, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेली. त्यांतलं सगळ्यात मोठं, ताटासारखं पसरलेलं गर्द तांबडं पोवळं म्हणजे थोरली. लेकीच्या लग्नानंतर घर ओकंबोकं वाटायला लागलं, तेव्हा एका मैत्रिणीने नखाएवढा तुकडा दिला होता. त्याची ही थोरली झाली. बाई तिच्याशी बोलत असत. मास्तर पेपराआडून ऐकत आणि चिडवत, "माझ्याशी इतकं बोलली असतीस, तर मीही पसरलो असतो."

"तुम्ही पसरलेलेच असता दिवसभर," बाई म्हणत.

लेकीचं बाळंतपण आलं आणि बाई तिच्याकडे गेल्या. जाताना टाकीची सगळी कामं मास्तरांना तीनतीनदा पढवली. पाणी कमी झालं की गोडं पाणी घाला, काच आतून घासा, मिठाचा हात कशालाही लावू नका. आणि दारातून परत फिरून म्हणाल्या, "दिव्याला हात लावायचा नाही. तो आपला आपण लागतो, आपला आपण विझतो."

"अगं, दिव्यातलं मला सांगतेस?"

"म्हणून तर सांगते."

पुढे झालं ते असं. टाकीवरच्या दिव्याला एक छोटा पंखा होता आणि त्याच्या जाळीवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरले होते. मास्तरांना ते बघवेना. थिएटरात दिव्यावर धूळ दिसली तर ते पोरांना फैलावर घेत. एका सकाळी त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि जाळी छान चकचकीत पुसून काढली. पुसताना मीठ विरघळून आत झिरपलं. दिवा लागायच्या वेळेला लागला, फट्‌ करून आवाज झाला, जळका वास आला आणि टाकीत अंधार पसरला.

मास्तर फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून चालू प्रयोगात एकही दिवा गेला नव्हता.

दुपारी नेहमीप्रमाणे बाईंचा फोन आला. चित्र दिसणारा फोन. नातू झोपला होता, त्याचे बंद डोळे दाखवून झाले आणि मग त्या म्हणाल्या, "दाखवा बघू थोरली."

"अगं, आत्ताच काच घासलीय, पाणी गढूळ आहे."

"मग उद्या दाखवा."

"उद्या दाखवतो," मास्तर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

माशांच्या टाक्यांचं दुकान मोठं नव्हतं, पण दिव्यांचा कप्पा मोठा होता. लांब पट्ट्या, चौकोनी ठोकळे, लवचिक दांड्यांचे, दोरीने टांगायचे, सगळे एलईडी. मास्तरांना आत शिरल्यावर आधी बरं वाटलं. दिवेच तर आहेत, त्यांत काय.

"किती वॅटचा देऊ, असं विचाराल तर सांगून ठेवतो," ते दुकानदाराला म्हणाले, "जरा दमदार द्या. माणसाने कंजुषी करू नये ती उजेडाची."

दुकानदार तरुण होता, दाढी कोरलेली, बोलायला गोड. तो म्हणाला, "काका, वॅटवर जाऊ नका. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. टाकीची लांबी किती? खोली किती?"

मास्तरांनी हात पसरून लांबी दाखवली, मग गुडघ्यापर्यंत खोली दाखवली.

"पोवळी कसली आहेत? मऊ, हलणारी, की कडक?"

"कडक. एक तर ताटासारखी आहे."

"कडक असली तर उजेड जास्त लागतो. पण ती कुठे बसवलीय त्यावर अवलंबून आहे. वर असेल तर कमी, तळाशी असेल तर जास्त. आणि आधीचा दिवा कसा होता, त्यावरही अवलंबून आहे."

"म्हणजे नक्की किती?"

"तेच सांगतोय काका. अवलंबून आहे."

शेवटी इतकं कळलं की एक दिवा मध्ये टांगला तर टाकीची दोन्ही टोकं अंधारात राहतील, म्हणून दोन हवेत. हे मास्तरांना लगेच पटलं. रंगमंचावरही एकाच दिव्याने काम भागत नाही. दुकानदाराने दोन चौकोनी दिवे पिशवीत घातले आणि जाता जाता म्हणाला, "सुरुवातीला कमी ठेवा. हळूहळू वाढवा."

"कमी म्हणजे किती?"

दुकानदार हसला. मास्तरही हसले, पण त्यांना हसू आलं नव्हतं.

दिवे टांगायला सुतार मिळेपर्यंत पोवळ्यांचे काही दिवस खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडावर गेले होते. थोरलीचा तांबडा रंग मळून तपकिरी झाला होता. मास्तरांनी जावयाला फोन लावला, तोही बाजूला जाऊन बोल अशी ताकीद देऊन. जावई कॉम्प्युटरवर शोधून सांगण्यात पटाईत होता.

"बाबा, तपकिरी म्हणजे उजेड कमी पडतोय," तो कुजबुजत म्हणाला. "सगळीकडे तसंच लिहिलंय."

"बघ, मला वाटलंच. आणि सासूबाईंना यातलं अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलणार. पण त्या सारखं विचारतात, टाकी का दाखवत नाहीत म्हणून."

"सांग, फोनचा कॅमेरा बिघडलाय."

"बाबा, तुम्ही त्याच फोनवरून रोज स्वतःचा चेहरा दाखवता."

मास्तरांनी फोन ठेवून दिला.

दिवे टांगून झाले. बटण दाबलं तर टाकीत गडद निळा उजेड आला, नाटकात भुताची एन्ट्री असते तेव्हा असतो तसा. मास्तरांचं तोंड पडलं. एवढाच? त्यांनी कपाटातून आपला उजेड मोजायचा काटा काढला. तळहातावर मावेल अशी काळी डबी, वर पांढरा घुमट, आत थरथरणारी सुई. निवृत्तीनंतर थिएटरवाल्यांनी आणखी काही दिलं नव्हतं, ही डबी मात्र त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती. डबी पाण्याजवळ धरली तर सुई जेमतेम जागची हलली.

आता मास्तरांना निळ्या उजेडाची सगळी जात माहीत होती. दिव्यापुढे निळा कागद लावला की तो उजेड खाऊन टाकतो. रात्रीचा प्रवेश दिसायला अंधारा, पण त्याला दिवे लागतात दुप्पट. नवखा माणूस तिथेच फसतो, कमी दिवे लावतो आणि मग नट चाचपडत फिरतात. मास्तर फसणाऱ्यांतले नव्हते. दिव्यांवर निळ्याचा आणि पांढऱ्याचा वेगवेगळा खटका होता. त्यांनी निळा पूर्ण चढवला. सुई थोडी सरकली. मग पांढरा पूर्ण चढवला. सुईने उडी मारली, टाकीचा तळ झळझळून निघाला, थोरलीची कडा न् कडा दिसू लागली.

"हा उजेड," मास्तर टाकीला म्हणाले. "आता खा पोटभर."

पहिले एकदोन दिवस ते रुबाबात होते. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले, त्यांनाही टाकी दाखवली. डॉक्टरांच्या दवाखान्यात साध्या पाण्यातले सोनेरी मासे होते, त्यामुळे त्यांनाही मत होतं.

"माझ्याकडे एक पट्टी आहे, वर्षानुवर्षं तीच," ते डोळे बारीक करत म्हणाले. "तुमच्या या दिव्याखाली मी दाढ काढू शकेन."

"कडक पोवळ्यांना लागतो इतका."

"असेल. पण हे ताट आधी एवढं फिकट होतं का हो?"

मास्तर वाकले. थोरली तपकिरी राहिली नव्हती. ती पिवळट होत चालली होती, दुधात जरा हळद कालवावी तशी. तिच्या अंगावर बारीक बारीक तोंडं असत, लव फुटल्यासारखी दिसणारी. ती सगळी आत ओढून घेतलेली होती. अंग गुळगुळीत, कोरं.

"उजाडलीय," मास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच लटका वाटला.

पुढचे दिवस त्यांचं डोकं भणभणून गेलं. कमी उजेडाने रंग मळतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मग उजेड दिल्यावर रंग उतरतो का? की अजून कमीच पडतोय, आणि उपाशी माणूस आधी काळवंडतो आणि मग पांढराफटक पडतो, तसं हे चाललंय? त्यांनी जावयाला फोन केला.

"बाबा, एके ठिकाणी लिहिलंय, पांढरं पडलं तर उजेड जास्त. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, उजेड कमी पडला तरी पांढरं पडतं. तिसरा म्हणतो, पाणी तापलं असेल."

"आणि चौथा?"

"चौथा पहिल्याला मूर्ख म्हणतोय."

मास्तरांनी पाण्यात हात घातला, मग बाईंनी मिठाच्या हाताबद्दल बजावलेलं आठवून तो घाईने पुसून टाकला. पाणी नेहमीसारखंच लागलं. निदान त्यांना तसं वाटलं. आता कुठल्याच वाटण्याचा त्यांना भरवसा उरला नव्हता. खटक्यावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहत. तसाच ठेवायचा की कमी करायचा? तसाच ठेवला आणि जळत असेल तर संपली. कमी केला आणि उपाशी असेल तरी संपली. आयुष्यभर ज्या बोटाने कधी मागेपुढे बघितलं नाही, ते बोट खटक्यावरून परत खिशात जाई.

शेवटी ते डबी खिशात घालून पुन्हा दुकानात गेले.

दुकानदाराने डबी उलटसुलट करून पाहिली. "काका, हा काटा माणसाच्या डोळ्याला किती दिसतं ते मोजतो. आपल्या डोळ्याला निळं कमी दिसतं, म्हणून यालाही कमी दिसतं. पोवळी निळ्यावरच जास्त जगतात."

"म्हणजे तो भुताचा उजेड..."

"कसला?"

"काही नाही. म्हणजे निळा कमी नव्हता?"

"तेवढ्यावरही बरंच भागतं. पुढे पांढरा किती ठेवायचा ते..."

"अवलंबून आहे," मास्तर म्हणाले. "पोवळ्यांच्या डोळ्याने मोजणारा काटा नसतो का?"

"असतो ना. माझा एका गिऱ्हाइकाने नेलाय, तो फोन उचलत नाही."

मास्तरांनी फोनमधला थोरलीचा फोटो पुढे केला. फोटोत सगळं जांभळं होतं, टाकी, पाणी, भिंत, काचेतलं मास्तरांचं स्वतःचं नाक.

"यातून काही कळत नाही काका. जळतही असेल, दुसरंही काही असेल. तुमच्याच डोळ्यांनी नीट बघावं लागेल."

"आत्ता तर म्हणालात, माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

दुकानदार जरा गोंधळला. "तेही खरंच आहे," तो म्हणाला.

मास्तर घरी आले ते पार हात टेकून. चहा करायला ठेवला, तो उतू गेला, तो तसाच सोडून टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. काटा बाद झाला होता. डोळे बाद झाले होते. बाईंना विचारावं तर दिवा जाळल्यापासून सगळं सांगावं लागणार, आणि ओली बाळंतीण सोडून ती धावत येणार. थोरली फिकट पडून समोर होती आणि ती काही सांगत नव्हती.

की सांगत होती? उजेडाकडे बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, तसे मास्तर उजेड कुठे नाही ते बघायला लागले. हीदेखील जुनी खोड. रंगमंचावर दिवा नीट लागलाय की नाही ते सावलीवरून कळतं. टाकीच्या वरून पंपाची नळी आडवी गेली होती. डाव्या दिव्याखाली तिची सावली पडून ती बरोबर थोरलीच्या अंगावरून जात होती. उजव्या दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम पोचत होता, त्यामुळे सावली अंधुक, पण सरळ होती. आणि त्या सावलीच्या पट्ट्यात थोरली फिकट नव्हती.

मास्तर उठले. नाक काचेला टेकवलं. दोन बोटं रुंद पट्टा, तपकिरी, त्यात तांबड्याची झाक. आणि त्या पट्ट्यात, तेवढ्याच भागात, बारीक तोंडं बाहेर आलेली. लव पाण्याबरोबर हलत होती. पट्ट्याच्या अल्याड कोरं, पल्याड कोरं.

एकच पोवळं, एकच पाणी, एकच पोट. फरक फक्त उजेडाचा. जिथे कमी, तिथे जिवंत.

त्यांनी झटकन हात खटक्याकडे नेला आणि तिथेच थांबले. नव्या दिव्याचा हा खटका एकदम खाली उतरायचा, मधल्या पायऱ्या त्यांना काही सापडत नव्हत्या, आणि एकदम अंधार केला तर दुसरंच काही व्हायचं. माळ्यावर जुनी मच्छरदाणी होती. ती काढली, कात्रीने टाकीएवढे तुकडे कापले आणि दिव्यांच्या खाली, काचेच्या कडांवर एकावर एक चार पदर पसरले. दिव्यापुढे जाळी लावून उजेड मऊ करायचं काम त्यांनी हजारदा केलं होतं. पण तेव्हा त्यांना माहीत असे की किती पदर. आता नव्हतं. चार का? तीन का नाहीत? चार तुकडे निघाले म्हणून चार.

टाकी मंद झाली. मास्तरांच्या डोळ्यांना ती अंधारीच वाटली. रोज सकाळी ते काचेला नाक लावायला जात. थोरलीची उजवी कड मात्र वाचली नाही. ती आधी पांढरीशुभ्र झाली, मग तिच्यावर हिरवट शेवाळ धरलं. मास्तरांनी ते घासलं नाही. लपवल्यासारखं झालं असतं.

बाई ठरल्याहून आधी आल्या. जावई मूग गिळून बसणाऱ्यांतला नव्हता, किंवा बाईंनीच त्याला बोलता केला. बॅग दारातच ठेवून त्या सरळ टाकीपाशी गेल्या.

"मच्छरदाणी कशाला? डास चावतायत का हिला?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. ओलं फडकं, फट्‌ आवाज, निळा उजेड, डबी, चढवलेला पांढरा, सगळं. मधे कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. बाई ऐकत होत्या की नाही ते कळत नव्हतं. त्या वाकून बघत होत्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा खालून. मेलेल्या कडेपाशी त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"इथून सुरू झाली होती ती," त्या म्हणाल्या. "तो नखाएवढा तुकडा इथेच चिकटवला होता मी."

मास्तर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"माझंच चुकलं. म्हणजे, मला वाटलं होतं..."

"तुम्हाला काय वाटलं होतं ते मला पाठ आहे," बाई म्हणाल्या. मग काचेजवळ सरकून, "मधला भाग उघडलाय की हो. हे बघा. तोंडं आलीत सगळीकडे. पट्ट्याच्या बाहेरही."

मास्तर वाकले. शेजारी शेजारी दोघांची डोकी काचेला लागली. फिकट अंगावर अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशी लव उठली होती. कालपर्यंत ती तिथे नव्हती, की होती आणि त्यांना दिसली नव्हती?

"जगेल?" त्यांनी विचारलं.

"जगेलसं वाटतं. रंग यायला महिने जातील. मेली तेवढी मेली, तिच्यावरून पुन्हा पसरेल कदाचित."

"आता तू सांग. हिला पुरेसा उजेड म्हणजे किती?"

बाई सरळ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, मच्छरदाणीकडे पाहिलं.

"मला काय माहीत? तो जुना दिवा टाकीबरोबर आला होता. मी त्याला कधी हातच लावला नाही. भीती वाटायची."

इतकी वर्षं मास्तरांना वाटत होतं, हिला माहीत आहे.

"मग कसं ठरवायचं?"

"तिचं तोंड बघून." बाईंनी जाळीच्या वरच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. "एक पदर काढून बघू या का? अंधारच वाटतोय जरा."

मास्तरांनाही अंधारच वाटत होता. त्यांनी हात पुढे केला आणि बाईंच्या हातावर ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "आत्ता कुठे तोंड उघडलंय तिने."